एका जातीची झाडं आपसात भांडत नाहीत म्हणे!

ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत कृषी अकादमीचं अधिवेशन भरलं. जनुकशास्त्र नाकारणारं आपलं भाषण कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने वाचून मंजूर केलंय, असं अकादमीचे अध्यक्ष त्रोफिम लिसेंको यांनी शेवटच्या दिवशी सांगितलं आणि वाद मिटला. जनुकशास्त्र सोव्हिएत विद्यापीठांतून हद्दपार झालं. लिसेंकोंचे मोठे विरोधक, वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९४३ मध्येच सारातोवच्या तुरुंगात मरण पावले होते.

हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढच्या जंगलांची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

१९४८ च्याच ऑक्टोबरमध्ये ‘निसर्ग-परिवर्तनाची महान योजना’ जाहीर झाली. १९४६ च्या दुष्काळाने देश होरपळला होता. गवताळ स्टेप प्रदेशातले कोरडे वारे अडवण्यासाठी ५,००० किलोमीटरहून लांब सरकारी वृक्षपट्टे आणि शेतांभोवती लाखो हेक्टर झाडोरा १९६५ पर्यंत उभा करायचा होता. कल्पना मुळीच खुळी नव्हती. मृदाशास्त्रज्ञ दोकुचायेव यांनी १८९० च्या दशकात व्होरोनेझजवळ असे पट्टे लावले होते. झाडांनी वाऱ्याचा वेग कमी होतो, बर्फ शेतातच साचून राहतो, तो वितळला की ओल जमिनीत मुरते.

घोळ झाला तो लागवडीच्या पद्धतीत. एकाच जातीच्या जीवांत स्पर्धा नसतेच, असं लिसेंकोंचं म्हणणं. स्पर्धेची कल्पनाच त्यांच्या मते भांडवलशाही विचारातून आलेली. म्हणून ओकच्या बिया झुबक्यांनी पेरायच्या. रोपं मिळून तणाशी लढतील आणि जास्तीची रोपं जातीच्या भल्यासाठी आपणहून मरतील! वर आडोसा म्हणून त्याच जमिनीत धान्यही पेरायचं.

खरं तर एका जातीच्या रोपांना पाणी लागतं ते मातीच्या त्याच थरातलं आणि ऊनही त्याच उंचीवरचं. त्यामुळे सगळ्यात चुरशीची झुंज सख्ख्या शेजाऱ्याशीच असते. आपल्याकडे बाजरीची विरळणी करणाऱ्या कुठल्याही बाईला हे पुस्तक न उघडता कळतं. दाट झुबक्यांतले ओक खुरटले, सुकले. आडोशाच्या धान्याने उरलीसुरली ओल शोषली. रोपांनी कोणाच्या भल्यासाठी प्राण दिला नाही, त्यांना पाणी मिळालं नाही एवढंच. पण योजनेवर खुद्द स्टालिनचं नाव असताना, रोपं मरताहेत हे वर कळवायचं कोणी?

मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारले आणि योजना काही दिवसांतच गुंडाळली गेली. तिच्याबरोबर चांगले, नीट लावलेले पट्टेही वाऱ्यावर सोडले गेले, आणि मला जास्त चुटपूट लागते ती याची. वनशास्त्रज्ञ व्लादिमीर सुकाचेव यांनी आपल्या वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकातून लिसेंकोंवर टीका छापायला १९५२ च्या अखेरीसच सुरुवात केली होती. पण स्टालिननंतर सत्तेवर आलेले ख्रुश्चेव्हही लिसेंकोंवर प्रसन्नच होते. दशक सरता सरता त्या नियतकालिकाचं संपादक मंडळच बदललं गेलं. लिसेंको जनुकशास्त्र संस्थेच्या संचालकपदी १९६५ पर्यंत राहिले.