संपर्क क्षेत्राबाहेर

“क्रूझवर आहोत, चार दिवस फोन बंद असेल” असा निरोप हल्ली निघण्याच्या आदल्या रात्रीच येतो. फोंड्याहून, पणजीहून, ठाण्याहून, पुण्याहून. मुंबई-गोवा क्रूझच्या जाहिरातींतही समुद्रासोबत शांतता विकायला ठेवलेली असते, जणू ती समुद्राला पहिल्यापासून चिकटलेलीच आहे. या जलमार्गाचा इतिहास वेगळे सांगतो. घरच्यांशी संपर्क नसणे ही इथे फार काळ अडचण होती. मग काही वर्षे ती आयती सवलत झाली. स्वतः ठरवून घ्यायची गोष्ट ती अगदी अलीकडे झाली, २०१८ नंतर.

पोर्तुगीज काळाबद्दल इथे दोन-तीन वाक्येच पुरेत. लिस्बनहून निघालेल्या जहाजाला गोव्याला पोचायला साधारण सहा महिने लागत. सरकारी पत्रांच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांवर देत, एक बुडाले तर दुसऱ्यावरची पोचावी म्हणून. पत्राचे उत्तर हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षे सहज उलटत.

आपल्या घरांतून सांगितला जाणारा प्रवास मात्र आगबोटीचा. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली ‘कोकण सेवक’ किंवा ‘कोकण शक्ती’ रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, बंदर आले की कठड्याशी जाऊन पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरणारी माणसे आणि बोचकी बघायची. वाटेत घरी काही कळवण्याची सोय नव्हती आणि कोणी तशी अपेक्षाही करत नसे. ‘सुखरूप पोचलो’ एवढी तार किंवा पोस्टकार्ड पणजीहून जाई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही सेवा थांबली. नव्वदच्या दशकात कॅटामरान ही वेगवान बोट आली आणि गेली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. डेकवर रंगणाऱ्या भजनांच्या आणि गप्पांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्या आहेत. पण त्याच भाऊच्या धक्क्याची आणखी एक आठवण आहे, ती विसरून समुद्रावरच्या शांततेबद्दल लिहिणे मला पटत नाही.

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, तिथून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई इतकी जवळ असून खबर पोचायला काही तास लागले, आणि ती पोचली जीव वाचवून आलेल्या माणसांच्या तोंडूनच. समुद्रावर ‘संपर्क नाही’ याचा अर्थ कोकणातल्या कितीतरी घरांना त्या दिवशी कळला.

जगभरातही जहाजावरचे बिनतारी यंत्र पहिल्यापासून दोन कामांत ओढले गेले, जीव वाचवणे आणि प्रवाशांची हौस. एप्रिल १९१२ च्या त्या रात्री ‘टायटॅनिक’चा ऑपरेटर प्रवाशांच्या साठलेल्या खासगी तारा किनाऱ्यावर पाठवण्यात गुंतला होता. जवळच्या जहाजाने बर्फाबद्दल कळवायला सुरुवात केली तेव्हा त्याने त्याला गप्प बसायला सांगितले. थोड्या वेळाने त्या जवळच्या जहाजाचा ऑपरेटर यंत्र बंद करून झोपायला गेला, आणि नंतरच्या मदतीच्या हाका तिथे कोणी ऐकल्याच नाहीत. १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या प्रवासी जहाजांवर चोवीस तास बिनतारी पहाऱ्याची अट आली ती यामुळे. जहाज स्वतः कधीच ‘अनप्लग’ होत नाही, होऊ शकत नाही. आपण बंद करतो तो आपल्या खिशातला फोन, आणि ब्रिजवर, जहाज चालवतात त्या जागी, कोणीतरी जागे असते म्हणूनच आपल्याला तो बंद करता येतो.

जागे असणाऱ्यांत गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे गोवेकर, आणि मुंबईत धोबीतलावला असलेल्या त्यांच्या मुक्कामाच्या जागा, ‘कुडी’, यांबद्दल गोव्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. त्यांच्या घरी समुद्रावरची शांतता म्हणजे न आलेले पत्र. पुढे बंदरात उतरल्यावर कॉलिंग कार्डावर लावलेला फोन आला. १९८२ पासून नागरी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय उपग्रह सेवा सुरू झाली, पण मिनिटाला कित्येक डॉलर मोजावे लागत. ती सोय कप्तानाच्या आणि कंपनीच्या कामाची होती. स्वयंपाकघरात राबणाऱ्या मुलाला आईशी बोलायला ती परवडण्यासारखी नव्हती.

आता या सगळ्या विषयात सर्वांत गुंतलेला शब्द, ‘संपर्क क्षेत्र’. मोबाइल आल्यानंतर आपण सगळ्यांनी दोन ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकली आहेत. एकात समोरचा ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असतो, दुसऱ्यात त्याचा फोन ‘बंद’ असतो. व्यवहारात यांतला फरक फार मोठा आहे. क्षेत्राबाहेर असणे हा कोणाचा दोष नसतो. फोन बंद ठेवणे हा मात्र निर्णय असतो, आणि त्याचा जाब विचारला जातो. साहेब विचारतात, सासूबाई विचारतात, शाळेच्या ग्रुपवरही विचारणा होते. मोबाइलची पहिली पंधरा-वीस वर्षे समुद्रावर गेलेल्या माणसाला हे पहिले वाक्य फुकट मिळत होते. ‘रेंज नव्हती’ म्हटले की विषय संपे. सुट्टीची खरी मजा त्यातच होती असे मला वाटते. कोणाला दुखवावे लागत नव्हते.

हे क्षेत्र संपते कुठे? मोबाइलच्या जुन्या जीएसएम तंत्रात टॉवर आणि फोन यांच्यात साधारण ३५ किलोमीटरची मर्यादा असे. संदेश त्याहून दूरून आला तर ठरलेल्या वेळेत बसत नसे. मुंबईहून निघालेले जहाज किनाऱ्यापासून पुरेसे दूर गेले की काही तासांत फोन मुका होई आणि दुसऱ्या दिवशी आग्वादचे दीपगृह जवळ आले की सगळे डेक एकदम वाजू लागे. मध्ये सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभागही, बदलत असे. मुंबईचे दूरसंचार सर्कल वेगळे, महाराष्ट्र-गोव्याचे वेगळे, आणि तेव्हा आलेला फोन उचलला तरी रोमिंगचे पैसे पडत. त्यामुळे रेंज परत आली तरी बरेच जण फोन लगेच उचलत नसत.

कायद्याची हद्द आणखी वेगळी आहे. १९७६ च्या कायद्याप्रमाणे भारताचा प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. परदेशी क्रूझ जहाजांवर या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतःचे छोटे मोबाइल टॉवर बसू लागले. ते उपग्रहाला जोडलेले असतात आणि किनाऱ्याजवळ आले की बंद करतात. इथे एक तिसरी अवस्था जन्माला आली, जिच्यासाठी ध्वनिमुद्रित वाक्यच नव्हते. फोनवर पूर्ण रेंज दिसते, पण ती कोणत्याच देशाची नसते. रोमिंग पॅकमध्ये देशांची यादी असते, जहाजाचे नाव सहसा नसते. खिशात पडल्या पडल्या फोन जहाजाच्या टॉवरला चिकटतो, फोटो आपोआप वर चढू लागतात आणि घरी आल्यावर बिल येते. ‘क्रूझवर एअरप्लेन मोड लावा’ हा सल्ला मनःशांतीसाठी सुरू झाला नाही. तो बिलाच्या भीतीने सुरू झाला. शांततेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘डिजिटल डिटॉक्स’ हा शब्द इंग्रजीच्या एका नामवंत ऑनलाइन शब्दकोशात ऑगस्ट २०१३ मध्ये आला. एअरप्लेन मोडचा सल्ला त्याच्या आधीपासून दिला जात होता.

भारतीय हद्दीत मात्र जहाजावर मोबाइल सेवा देण्याचा प्रश्न २०१८ पर्यंत अडून राहिला होता, आणि त्यामागे बिलापेक्षा गंभीर कारण होते. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले आणि त्यांच्याजवळ उपग्रह फोन होता. त्यानंतर समुद्रावरून उठणाऱ्या प्रत्येक संदेशाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, ते समजण्यासारखे आहे. विनापरवाना उपग्रह फोन बाळगणे इथे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र सोबत असलेल्या एका परदेशी प्रवाशाला अडवले गेले. ते यंत्र त्यांच्या देशात डोंगरात फिरणारे लोक सुरक्षेसाठी वापरतात.

जानेवारी २०१८ मध्ये दूरसंचार नियामकाने (ट्राय) विमाने आणि जहाजे यांवर मोबाइल-इंटरनेट सेवा द्यावी अशी शिफारस केली. मे महिन्यात तिला वरून मान्यता मिळाली आणि १४ डिसेंबर २०१८ रोजी नियम अधिसूचित झाले. मधल्या काळातला वाद संदेश कोणत्या उपग्रहावरून जावा आणि जमिनीवर कुठे उतरावा यावर होता. तो भारतातल्याच केंद्रावर उतरला पाहिजे, म्हणजे गरज पडल्यास तपासता येईल, ही अट कायम राहिली. सुरक्षेचा मुद्दा झाला, परवाना आणि शुल्काचा झाला. विमानात शेजारचा माणूस तासभर फोनवर बोलत बसला तर काय, एवढा प्रश्न तरी लोकांनी विचारला. जहाजाबद्दल कोणी काहीच विचारले नाही. समुद्रावर उरलेली शेवटची ‘रेंज नाही’ आपण घालवतो आहोत, तर प्रवाशांना ती हवी होती का, आणि खलाशांना रेंज कधीपासून हवी होती, हे दोन्ही प्रश्न चर्चेत यायला हवे होते. माझ्या मते त्या निर्णयातली ही मोठी उणीव आहे, निर्णय चुकीचा नसला तरी.

त्याच वर्षीची शेवटची तिमाही बघण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ मुंबईहून गोव्याकडे निघाली आणि जुन्या बोटीच्या वाटेवर पुन्हा रात्रीचा प्रवास सुरू झाला. डिसेंबरच्या मध्याला समुद्रावर इंटरनेट देणारे नियम आले. आणि डिसेंबर संपता संपता महाराष्ट्रातल्याच एका खासदाराने लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. पण अडीच महिन्यांत जहाज, रेंज आणि रेंज नाकारण्याची मागणी या तिन्ही गोष्टी एका पाठोपाठ आल्या, आणि ‘क्षेत्राबाहेर’ची जागा ‘बंद’ने घेतली ती इथून.

पणजीत ‘क्रूझ’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर सांता मोनिका जेटीवरून सुटणारी तासाभराची मांडवीतली फेरी येते, किंवा कॅसिनोची जहाजे. १९९६ च्या दुरुस्तीने जुगाराला परवानगी मिळाली ती ‘ऑफशोअर’ जहाजांवर. प्रत्यक्षात ती नदीत नांगरली आणि शब्द तसाच राहिला. तिथे रेंज कधीच जात नाही, त्यामुळे या विषयाशी त्यांचा संबंध नावापुरताच.

ठरवून बंद ठेवण्याचा आपल्याकडचा सर्वांत चांगला प्रयोग समुद्रापासून लांब झाला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद होतात. सगळे गाव एकदम बंद होते म्हणून कोणाला जाब द्यावा लागत नाही. जुन्या समुद्राने हेच दिले होते. एकट्याने केबिनमध्ये फोन बंद करणे त्याहून अवघड आहे.

फोन बंद ठेवावा असे मलाही वाटते. पण त्याच फोनने जहाजावरच्या माणसांना हात दिल्याचे प्रसंगही ताजे आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात विलगीकरणात अडकलेल्या क्रूझवर ३,७११ माणसे होती, त्यांत १३८ भारतीय, बहुतेक कर्मचारी. त्यांच्यातल्या काहींनी फोनवर चित्रित करून पाठवलेल्या विनवण्यांमुळे ती गोष्ट इथे घराघरांत कळली. त्यानंतरच्या टाळेबंदीत समुद्रावर अडकलेल्या तारवट्यांची खबर गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या घरांना मिळत होती ती व्हॉट्सअ‍ॅपवरच. जानेवारी २०२२ मध्ये सुमारे दोन हजार माणसे घेऊन मुंबईहून आलेली क्रूझ मुरगावला थांबवली गेली. चाचणीत ६६ जण बाधित निघाले होते. आत काय चालले आहे हे बाहेरच्यांना कळत होते ते प्रवाशांच्या फोनवरून.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका मोठ्या क्रूझ कंपनीने आपल्या जहाजांवर जवळच्या कक्षेतल्या उपग्रहांचे इंटरनेट आणत असल्याचे जाहीर केले. जुने उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंच, त्यामुळे प्रत्येक बोलण्यात अर्ध्या सेकंदाहून जास्त अडखळ. हे नवे साधारण ५५० किलोमीटरवर. अडखळ संपली, व्हिडिओ कॉल सरळ लागू लागले. प्रवाशाच्या दृष्टीने ‘समुद्रात नीट चालत नाही’ हे उरलेसुरले कारणही गेले.

खलाशांच्या बाजूने बदल उशिरा आला. त्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा, भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. मूळ मजकुरात इंटरनेटची सक्ती नव्हती. महासाथीत माणसे महिनोन्‌महिने जहाजांवर अडकली, त्यानंतर २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती ठरली. जहाजावर शक्य तिथे खलाशांना इंटरनेट द्यावे, आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत. ही दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ रोजी लागू झाली, नाताळच्या दोन दिवस आधी.