लंडनच्या भुयारात सांडपाणी उतरते कसे?

लंडनमधील सांडपाण्याचे २५ किलोमीटर लांबीचे नवे भुयार फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्णपणे जोडले गेले, तेव्हा बातम्यांचा भर त्याच्या ७.२ मीटर व्यासावर होता. त्यामुळे अरुंद वाहिनीच्या जागी रुंद वाहिनी आली, एवढाच समज होतो. वस्तुतः अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी १८५८ मध्ये थेम्स नदीला सुटलेल्या भीषण दुर्गंधीनंतर बांधलेल्या वाहिन्यांतून मैला आणि पावसाचे पाणी एकत्रच वाहते, आणि मुसळधार पावसात ते उलटून घरांत शिरू नये म्हणून नदीकडे उघडणारी सांडमुखे मुद्दामच ठेवलेली आहेत.

नवे भुयार या सांडमुखांचे पाणी नदीत जाण्याआधीच अडवून साठवते. खरे कौशल्य आहे ते पाणी खोलवर उतरवण्यात. चाळीस मीटर सरळ कोसळणाऱ्या पाण्याचा वेग तळाशी ताशी सुमारे शंभर किलोमीटर होईल, काँक्रीट झिजेल आणि पाण्यासोबत ओढली गेलेली हवा भुयारात कोंडून दाबाखाली उसळून वर येईल. म्हणून पाणी उभ्या नळात मधोमध न सोडता कडेने, स्पर्शिकेच्या दिशेने सोडतात. ते गोल फिरू लागते, भिंतीला चिकटून पातळ थराने खाली सरकते आणि मध्यभागी हवेचा पोकळ स्तंभ उरतो. वेग वाढतो तसे भिंतीशी होणारे घर्षण साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पुरेशा लांब नळात अशी स्थिती येते की गुरुत्वाकर्षणाने मिळणारी ऊर्जा आणि घर्षणात खर्च होणारी ऊर्जा सारख्या होतात व त्यापुढे वेग वाढत नाही. तळाच्या कक्षात पाण्यातील हवा सुटी होते, आणि बाहेर सोडण्यापूर्वी तिची दुर्गंधी कार्बनच्या गाळण्यांत शोषली जाते.

पुढे उताराने पूर्वेकडे वाहत गेलेले पाणी बेकटन येथे पंपांनी वर उचलून शुद्धीकरण केंद्रात घेतात. ‘नदी आता स्वच्छ झाली’ ही जाहिरातबाजी मात्र मान्य करता येत नाही. जोडीच्या ली भुयारासह एकूण साठवण सुमारे १६० कोटी लिटर आहे. ती भरल्यावर जादा पाणी आजही नदीतच जाते, आणि वरच्या अंगाच्या गावांतील सांडमुखांशी या भुयाराचा काहीच संबंध नाही.