गोफण आहे, पण हात कुठे?

जॉन क्रायटन हा माझा आवडता अंतराळवीर. तो खरा नव्हे, 'फारस्केप' या मालिकेतला. मार्च १९९९ मध्ये सुरू झालेली, ऑस्ट्रेलियात चित्रित झालेली ही मालिका चार हंगाम चालली. तिच्यातले निम्मे परग्रहवासी जिम हेन्सन कंपनीच्या बाहुल्या होत्या आणि क्रायटनचं काम बेन ब्राउडरने केलं होतं. बाकीच्या मालिकांतले वैमानिक पहिल्याच भागात प्रकाशाच्या वेगाला मागे टाकतात, इंजिन कसं चालतं हे कुणी विचारतही नाही. क्रायटन मात्र एक गृहीतक डोक्यात घेऊन निघालेला शास्त्रज्ञ आहे. आपलं छोटं यान तो स्वतः चालवतो आणि स्वतःचीच कल्पना तपासतो. ती कल्पना अशी, की पृथ्वीभोवती झेप घेताना तिचं गुरुत्वाकर्षण आणि वातावरण यांचा मेळ घातला, तर यानाला जबरदस्त वेग मिळू शकतो.

पुढे ऐन प्रयोगात एक कृमिविवर, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा (वर्महोल), उघडतं आणि तो विश्वाच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन पडतो. कृमिविवराबद्दल मी इथे फार बोलणार नाही. १९३५ साली आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी समीकरणांतून असा पूल काढून दाखवला. त्यातून माणूस जायचा तर काय लागेल याचा हिशेब मॉरिस आणि थॉर्न यांनी १९८८ मध्ये मांडला, तेव्हा उत्तर आलं ऋण ऊर्जेचं द्रव्य. ते कुणापाशी नाही. मालिकेला एवढं माफ असतं. मला खुपतं ते कृमिविवराच्या आधीचं एक मिनिट, कारण तिथे जी चूक आहे ती बातम्यांतही नेहमी दिसते.

'ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाने यानाला ओढलं आणि त्यामुळे यानाचा वेग वाढला.' हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलेलं असणार. ऐकायला ते अगदी बरोबर वाटतं. पण खोलगट वाटीच्या काठावरून गोटी सोडून बघा. तळाशी पोचेपर्यंत तिचा वेग वाढतो हे खरं, पण समोरचा उतार चढताना तोच वेग ती परत करते आणि काठापर्यंत पोचली तरी धन्य. ग्रहाचंही तसंच. जवळ येताना यान जितका वेग कमावतं, तितकाच दूर जाताना गमावतं. गुरुत्वाकर्षण हा पै न् पै परत मागणारा सावकार आहे. तो उधार देतो, बक्षीस कधीच देत नाही.

मग ग्रहांजवळून जात जात वेग कमावणाऱ्या व्हॉयेजर यानाला तो मिळाला कुठून? मराठीत या युक्तीला गुरुत्वीय गोफण म्हणतात. शब्द छान आहे, पण गोफणीत दगडाला वेग देते ती दोरी नव्हे. दोरी फक्त धरून ठेवते, वेग देतो तो फिरवणारा हात. आकाशातल्या गोफणीत दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. हात शोधायचा तर ग्रहाकडे बघून भागत नाही, ग्रह जिथे चाललाय तिकडे बघावं लागतं.

एक चेंडू घ्या. समोरून ताशी ८० किलोमीटरने आगगाडी येते आहे आणि तुम्ही तिच्या तोंडावर ताशी २० च्या वेगाने चेंडू फेकलात. (कल्पनेतच फेका.) इंजिनाच्या चालकाला चेंडू ताशी १०० ने येताना दिसेल. चेंडू अगदी टणक असेल, तर आदळून तो चालकाच्या दृष्टीने ताशी १०० नेच पुढे उडेल. चालकाच्या हिशेबी काहीच वाढलं नाही, १०० ने आला, १०० ने गेला. पण रुळांशेजारी उभे असलेले तुम्ही बघाल तर गाडी ८० ने चालली आहे आणि चेंडू तिच्यापुढे १०० ने पळतो आहे, म्हणजे तुमच्या हिशेबाने १८०. वीसचे एकशे ऐंशी झाले, आणि गाडी नकळत किंचित मंदावली.

ग्रह म्हणजे गाडी, सूर्य म्हणजे रुळांशेजारचा माणूस. यान ग्रहावर आदळत नाही, त्याला वळसा घालून जातं, पण हिशेब तोच. आता थोडं गणित करतो. नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा. मला मात्र तोच सगळ्यात जास्त आवडतो.

गुरू सूर्याभोवती सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने फिरतो. समजा, एक यान गुरूजवळ पोचलं तेव्हा त्याच्या वेगाचे दोन घटक आहेत: गुरू जिकडे चाललाय त्या दिशेने ७ आणि त्या दिशेला काटकोनात, सूर्यापासून बाहेरच्या बाजूला, ८. सूर्याच्या हिशेबाने एकूण वेग ४९ अधिक ६४ चं वर्गमूळ, म्हणजे १०.६ किलोमीटर. आता गुरूवर बसून बघा. गुरू स्वतः १३ ने पळतोय, त्यामुळे यान त्याला ६ ने मागे पडताना आणि ८ ने आडवं येताना दिसेल. ३६ अधिक ६४, वर्गमूळ १०. सावकाराचा नियम इथे लागू होतो: गुरूच्या हिशेबाने यान १० ने आलं, तर १० नेच जाणार. दिशा मात्र कुठलीही असू शकते आणि ती यान गुरूच्या किती जवळून जातं यावर ठरते. अंतर नेमकं साधलं आणि यान वळून गुरू चाललाय त्याच दिशेला तोंड करून निघालं, तर सूर्याच्या हिशेबाने त्याचा वेग १३ अधिक १०, म्हणजे २३ किलोमीटर. इंधनाचा एक थेंबही न जाळता १०.६ चे २३ झाले. गुरुत्वाकर्षणाने फक्त वेगाचा बाण, म्हणजे त्याची दिशा, वळवली, वेग दिला तो गुरूच्या सूर्याभोवतीच्या धावेने.

हाच बाण उलटा वळवला की गोफणीचा ब्रेक होतो. मरिनर १० या यानाने फेब्रुवारी १९७४ मध्ये शुक्राजवळून जाताना वेग कमी करून घेतला आणि ते बुधापर्यंत उतरलं. एका ग्रहाच्या मदतीने दुसऱ्या ग्रहापर्यंत पोचण्याची ती पहिली वेळ. पार्कर सौरयानाने तर सूर्याजवळ जाण्यासाठी शुक्राकडून सात वेळा असा ब्रेक लावून घेतला. सूर्यात पडणं फार अवघड आहे, हे पुष्कळांना पटत नाही.

या सगळ्याचं गणित मायकेल मिनोविच या विद्यार्थ्याने १९६१ मध्ये मांडलं. १९६५ मध्ये गॅरी फ्लॅन्ड्रो या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की सत्तरच्या दशकाच्या शेवटी गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून अशा जागी असतील की एका ग्रहाने फेकलेलं यान दुसऱ्याच्या झेलात जाईल. असा योग सुमारे पावणेदोनशे वर्षांतून एकदा येतो. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर २ त्याच योगावर चारही ग्रह करून आलं. गुरुबळ म्हणतात ते खरोखर असतं, ते हे. व्हॉयेजरला ते लाभलं, कारण त्याच्या मार्गाचा नेमका हिशेब आधी मांडलेला होता. आणि ते फुकटही नव्हतं, तेवढीच गती गुरूने गमावली. यानाचं वजन आठशे किलोच्या आसपास, गुरूचं १९ वर २६ शून्यं इतके किलो. त्यामुळे गुरूचा सेकंदाला जितके मीटर वेग कमी झाला, ती संख्या लिहायची तर दशांशचिन्हानंतर वीस शून्यं आणि मग कुठेतरी ४. कुंडलीतला गुरू असा जमाखर्च कधी दाखवत नाही.

आता क्रायटनच्या खुर्चीत बसू. अशा प्रसंगात पडद्यावरचा वैमानिक दात-ओठ खात खुर्चीला चिकटलेला असतो, यान थरथरतं, दिवे लुकलुकतात. प्रत्यक्षात निव्वळ गुरुत्वीय गोफणीत वैमानिकाला काही म्हणजे काहीच जाणवणार नाही. मोटार वेग घेते तेव्हा खुर्ची पाठीला ढकलते, म्हणून आपल्याला दाब जाणवतो. गुरुत्वाकर्षण मात्र यान, खुर्ची, वैमानिक, त्याच्या खिशातलं पेन, सगळ्यांना सारखंच ओढतं. कुणी कुणाला ढकलत नाही. गुरूच्या ढगांना घासून जाताना त्वरण पृथ्वीवरच्या अडीच पट असेल, तरी आतलं पेन हवेत तरंगतच राहील. वेग सेकंदाला कित्येक किलोमीटरने बदलून गेला हे त्याला खिडकीतून किंवा आकडे वाचूनच कळेल. यान थरथरलं, तर समजावं की ते हवेत शिरलंय, आणि ही वेग वाढण्याची खूण नव्हे.

क्रायटनची पहिली अडचण तीच. हवा यानाकडून वेग घेते, देत नाही. मॅगेलन यानाने १९९३ मध्ये शुक्राच्या विरळ हवेत पुन्हा पुन्हा डुबक्या मारून आपली कक्षा लहान केली, ती याच कारणाने. अगदी न्याय करायचा तर हवेचा एक उपयोग कागदावर आहे. पंख उलटे धरले, तर हवा यानाला वर उचलण्याऐवजी ग्रहाकडे दाबेल. मग छोट्या ग्रहाभोवतीसुद्धा मोठं वळण घेता येईल, म्हणजे बाण जास्त वळवता येईल. घर्षणात थोडा वेग जाईल, पण वळणात त्याहून जास्त मिळू शकेल. अशा यानाचे आराखडे आहेत, उड्डाण अजून कुणी केलेलं नाही. क्रायटनच्या मनात हेच असावं असं मी त्याचा चाहता म्हणून धरून चालतो.

दुसरी अडचण हवेची नाही, हाताची आहे आणि ती अधिक चिवट आहे. क्रायटन पृथ्वीच्या कक्षेतूनच निघालाय. तो आधीच पृथ्वीबरोबर, सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने चाललाय. गाडीतच बसलेल्या माणसाने गाडीच्या आतल्या भिंतीवर चेंडू फेकावा तसं हे. चेंडू परत येईल, पण फेकला तितक्याच वेगाने. पृथ्वीचा हात त्याला लागणारच नाही, कारण तो त्या हातातच आहे.

मग ग्रहाजवळ जाऊन वेग वाढवण्याची दुसरी वाट नाहीच का? आहे, पण तिला इंजिन लागतं. अग्निबाणांच्या अभ्यासातला एक आद्य संशोधक हर्मन ओबर्थ याच्या नावाने ती ओळखली जाते. समजा, पृथ्वीच्या अगदी जवळून यान सेकंदाला ११ किलोमीटरने जातंय. एवढ्यावर ते जेमतेम निसटेल आणि दूर गेल्यावर वेग उरेल जवळजवळ शून्य. आता त्याच क्षणी इंजिन पेटवून फक्त १ किलोमीटर वेग वाढवला, ११ चे १२ केले. सावकार हिशेब वेगाच्या वर्गात करतो: १४४ वजा १२१, उरले २३, त्याचं वर्गमूळ ४.८. म्हणजे खर्च १ चा केला आणि दूर गेल्यावर हातात उरले ४.८! तेच इंधन लांब जाऊन जाळलं असतं, तर १ चा १ च मिळाला असता. म्हणून इंजिन पेटवायचं ते जिथे वेग सर्वांत जास्त आहे तिथे. मंगळयान नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वीभोवती वाढत्या लंबवर्तुळात फिरत होतं, तेव्हा दर वेळी इंजिन पेटत होतं ते पृथ्वीच्या जवळच्या टोकाला. १ डिसेंबरला शेवटच्या धक्क्याने सेकंदाला ६४८ मीटर वाढवले आणि ते मंगळाच्या वाटेला लागलं. 'पृथ्वीने यानाला गोफणीसारखं भिरकावलं' असं तेव्हा बऱ्याच ठिकाणी लिहून आलं. ती गोफण नव्हतीच. तो सगळा वेग इंजिनाने दिला होता, जागा फक्त हुशारीने निवडली होती.

खरी गोफण पृथ्वीनेही फिरवली आहे. फारस्केप सुरू झाल्यावर पाचच महिन्यांनी, १८ ऑगस्ट १९९९ ला, शनीकडे निघालेलं कॅसिनी यान पृथ्वीपासून १,१७१ किलोमीटरवरून गेलं आणि सेकंदाला साडेपाच किलोमीटर वेग घेऊन गेलं. यानात सुमारे ३३ किलो प्लुटोनियम असल्यामुळे त्याविरुद्ध आधी निदर्शनं झाली होती. त्याच महिन्यात खग्रास सूर्यग्रहण होतं, त्यामुळे जगबुडीची भाकितंही जोरात होती. ग्रहण लागलं, सुटलं, कॅसिनी आलं आणि गेलं.

कॅसिनी मात्र शुक्राकडून आलं होतं, म्हणजे गाडीच्या बाहेरून. क्रायटनच्या कामाचं उदाहरण जूनो यानाचं आहे. ते ऑगस्ट २०११ मध्ये पृथ्वीवरून निघालं, मंगळाच्या कक्षेपलीकडे गेलं आणि तिथे संथ असताना त्याने इंजिन पेटवून मार्ग किंचित बदलला. तेवढ्याने ते परतताना पृथ्वीची कक्षा जरा तिरकी कापत आलं. आता ते गाडीतला प्रवासी नव्हतं, बाहेरून येणारा चेंडू होतं. ९ ऑक्टोबर २०१३ ला पृथ्वीने त्याला सेकंदाला ७.३ किलोमीटर दिले आणि ते गुरूकडे निघालं.

तेव्हा क्रायटनचा प्रयोग होऊ शकतो. छोट्या यानात बसायचं, घरापासून दूर जायचं, मंगळापलीकडे इंजिन थोडा वेळ पेटवायचं आणि परत यायचं. दोन वर्षं दोन महिने तो पेनाशी खेळत तरंगत बसेल, मग एकदाचा पृथ्वीजवळून जाईल आणि तेव्हाही त्याला धक्का जाणवणार नाही. कृमिविवराने तोवर थांबायला हवं.