मॉर्मन कलावंत आणि सहधर्मीयांचा निवाडा

मॉर्मन संप्रदायातील गायक, नट, नर्तक आणि चित्रपटकार कोणते काम पत्करतात, कोणते नाकारतात, रंगमंचावर काय बोलतात आणि काय परिधान करतात, यावरून त्यांच्या श्रद्धेचा कस लावण्याची रीत त्या संप्रदायाच्या सामान्य अनुयायांत रुजलेली आहे. या नोंदीत तिचा विचार केला आहे. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे संप्रदायाचे अधिकृत नाव. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. १८४७ मध्ये ब्रिगॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांची पहिली तुकडी आजच्या युटा राज्यातील सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचली, आणि आज जगभरात संप्रदायाचे १ कोटी ७० लाखांहून अधिक सदस्य आहेत. ‘मॉर्मन’ हे संबोधन टाळावे असा आग्रह संप्रदायाच्या नेतृत्वाने २०१८ पासून धरला आहे. वाचकांना तेच नाव परिचित असल्यामुळे येथे ते आदरपूर्वक वापरले आहे.

नाटक, संगीत आणि नृत्य यांच्याकडे पाठ फिरवणारा हा संप्रदाय नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यायला हवी. अन्यथा पुढचा सारा ताण समजणार नाही. अमेरिकेतील अनेक प्रॉटेस्टंट पंथ नाटकगृहाला पापाचे घर मानत होते त्या काळात, वाळवंटात वसाहत उभी करण्याची धडपड अजून संपलेली नसताना, ब्रिगॅम यंग यांनी सॉल्ट लेक सिटीत भव्य नाट्यगृह बांधून घेतले. १८६२ मध्ये ते प्रार्थनापूर्वक खुले झाले आणि १९२८ मध्ये पाडले जाईपर्यंत शहराच्या जीवनाचा मोठा भाग राहिले. यंग यांच्या स्वतःच्या मुलींनी तेथे भूमिका केल्या. संप्रदायाच्या प्रार्थनागृहांत उपासनेच्या दालनाला लागूनच एक मोठे सभागृह असते; त्याच्या एका टोकाला पडद्यासह छोटा रंगमंच आणि भिंतीवर बास्केटबॉलची जाळी, अशी त्याची ओळखीची मांडणी. तेथे स्थानिक मंडळींनी बसवलेल्या छोट्या नाटिका होत, नृत्याचे कार्यक्रम होत, आणि असंख्य मॉर्मन मुलांनी आयुष्यातला पहिला टाळ्यांचा कडकडाट तेथेच ऐकला. संप्रदायाच्या टॅबरनॅकल गायकवृंदाचा साप्ताहिक नभोवाणी कार्यक्रम १९२९ पासून अखंड चालू आहे. आपल्यातही एक दिवस मिल्टन आणि शेक्सपिअर निपजतील, असे भाकीत संप्रदायाचे नेते ऑर्सन व्हिटनी यांनी १८८८ मध्येच करून ठेवले होते. मुलाला रंगमंचावर हौसेने उभा करणारा समाजच ते मूल मोठे होऊन व्यवसायात उतरले की त्याच्याकडे बारीक नजरेने पाहू लागतो, आणि या विषयाची खरी गाठ येथेच आहे.

संप्रदायाची शिस्त कडक असली, तरी कलाव्यवसायाविषयी ती फारसे काही सांगत नाही. ‘वर्ड ऑफ विजडम’ या १८३३ च्या उपदेशानुसार मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य आहेत, विवाहबाह्य शरीरसंबंध निषिद्ध आहेत, उत्पन्नाचा दहावा हिस्सा संप्रदायाला द्यायचा असतो आणि रविवार पवित्र मानायचा असतो. मंदिरात, म्हणजे नेहमीच्या प्रार्थनागृहाहून वेगळ्या पवित्र वास्तूत, प्रवेश मिळवण्यासाठी सदस्याला दर दोन वर्षांनी स्थानिक बिशपपुढे बसून ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हे बिशप वेतनधारी धर्मगुरू नसतात. गल्लीतला दंतवैद्य किंवा शाळामास्तर काही वर्षांसाठी ही जबाबदारी सांभाळतो. त्याच्या प्रश्नावलीत सचोटी, शुद्धाचरण, दशांशदान यांची चौकशी असते. परंतु खलनायकाची भूमिका केली का, शिवी असलेले गाणे गायले का, जुगारगृह असलेल्या हॉटेलात कार्यक्रम केला का, असे प्रश्न तिच्यात नाहीत. ते सदस्याच्या सद्सद्विवेकावर सोडलेले आहे, आणि ही मोकळी राहिलेली जागा सहधर्मीय आपल्या मताने भरून काढतात.

त्याला आणखी एक कारण आहे. ‘प्रत्येक सदस्य हा धर्मप्रचारकच’ ही शिकवण संप्रदायाचे अध्यक्ष डेव्हिड मके यांनी १९५९ मध्ये दिली आणि ती घरोघरी मुरली. त्यामुळे प्रसिद्ध मॉर्मन हा केवळ स्वतःपुरता प्रसिद्ध राहत नाही. एकोणिसाव्या शतकातील बहुपत्नीत्वामुळे आणि नंतरच्या छळामुळे बाहेरच्या जगाच्या संशयाची सवय झालेल्या या समाजाला ‘आपला माणूस’ दूरदर्शनवर दिसला की मनापासून अभिमान वाटतो. तो माणूस चुकला तर तितकीच मनापासून लाज वाटते. ‘वॉर्ड’ म्हणजे काहीशे लोकांची स्थानिक मंडळी. दर रविवारी तेच चेहरे एकमेकांना भेटतात, एकमेकांच्या मुलांना शिकवतात, आजारपणात एकमेकांच्या घरी जेवण पोहोचवतात. हा जिव्हाळा खरा आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच तेथे नावे ठेवली गेली तर ती जिव्हारी लागतात.

पोशाखाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. मंदिरातील दीक्षेनंतर सदस्य कपड्यांच्या आत एक विशिष्ट वस्त्र नित्य घालतात. खांदा झाकणारी छोटी बाही आणि गुडघ्यापर्यंतची लांबी ही त्याची आजवरची ठेवण. उष्ण प्रदेशांसाठी बिनबाह्यांची रचना २०२४ मध्ये जाहीर झाली. ज्या कामात हे वस्त्र घालणे शक्य नाही, त्या वेळी ते काढण्याची मुभा नियमांत आहे, आणि नाटकातील वेश त्यात सहज बसू शकतो. परंतु पुरस्कार सोहळ्यात एखादी विवाहित मॉर्मन गायिका उघड्या खांद्यांचा झगा घालून आली, तर इतर प्रेक्षक झगा पाहतात आणि सहधर्मीय त्याखाली काय नाही ते पाहतात. एक शब्दही न उच्चारता तिच्या व्रतस्थतेविषयी निष्कर्ष निघालेला असतो.

निवाडा करावा की करू नये, याविषयी संप्रदायाची शास्त्रभूमिकाही विचार करायला लावणारी आहे. बायबलमधील ‘न्याय करू नका’ हे वचन जोसेफ स्मिथ यांच्या पाठात ‘अधर्माने न्याय करू नका, धर्मन्याय करा’ अशा आशयाचे आहे. म्हणजे न्याय करणे हे स्वतः पाप नव्हे. तो कसा केला यावर सारे अवलंबून. डॅलिन ओक्स यांनी, जे आधी युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि पुढे संप्रदायाचे ज्येष्ठ नेते झाले, १९९८ मध्ये यावर विवेचन करताना दोन प्रकारचे निवाडे वेगळे केले : माणसाच्या अंतिम गतीचा निवाडा ईश्वराचा असून तो कोणीही करू नये, व्यवहारात कोणाची संगत धरावी, काय टाळावे यासाठीचे तात्पुरते निवाडे मात्र प्रत्येकाला करावेच लागतात. हा भेद शहाणपणाचा आहे. पण चर्चच्या वाहनतळावर दोन मिनिटांच्या बोलण्यात तो पाळला जाणे अवघड असते. २०१२ मध्ये संप्रदायाचे नेते डीटर उख्टडॉर्फ यांना संप्रदायाच्या सर्वसाधारण परिषदेत एकमेकांना दोष देण्याच्या वृत्तीबद्दल ‘थांबवा’ इतकेच स्पष्टपणे सांगावे लागले, यावरून दुखणे किती जुने होते ते दिसते.

युटातील ऑगडेन येथील ऑस्मंड या गायक भावंडांचे कुटुंब हे या विषयाचे सर्वांत ठळक प्रकरण. भावंडांनी १९६० च्या दशकात दूरदर्शनवरील कार्यक्रमांतून नाव कमावले, १९७१ मध्ये त्यांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, १९७३ मध्ये, त्यांनी मॉर्मन मुक्तिसिद्धांतावर आधारित संपूर्ण गीतसंग्रह काढला. मारी ऑस्मंड यांनी ‘ग्रीस’ या १९७८ च्या चित्रपटातील नायिकेची भूमिका नाकारल्याचे स्वतः सांगितले आहे. चांगल्या मुलीने मुलगा मिळवण्यासाठी शेवटी आपली वागणूकच बदलावी, हा कथेचा रोख त्यांना पटला नव्हता. त्याच मारी आणि त्यांचे बंधू डॉनी यांनी २००८ ते २०१९ या काळात लास व्हेगासच्या एका जुगारगृहयुक्त हॉटेलात कार्यक्रम केले, आणि संप्रदाय जुगाराच्या ठाम विरोधात आहे. या दोन निर्णयांत विसंगती नाही असे प्रस्तुत लेखकाला वाटते : पहिला प्रश्न स्वतः काय बोलायचे याचा होता, दुसरा केवळ कोठे उभे राहायचे याचा. मात्र ही सीमारेषा कोणत्याही पुस्तकात आखलेली नाही. ती प्रत्येक कलावंताला आपल्या हाताने आखावी लागते.

ही रेषा किती लवचीक आहे हे युटा विद्यापीठातील एका खटल्यात न्यायालयापुढे आले. १९९८ मध्ये अभिनय प्रशिक्षणक्रमात दाखल झालेल्या एका मॉर्मन विद्यार्थिनीने निवडचाचणीच्या वेळीच सांगितले होते, की ती वस्त्रे उतरवणार नाही, देवाचे नाव वृथा घेणार नाही आणि एक विशिष्ट शिवी उच्चारणार नाही. पहिल्या सत्रात एका स्वगतातील दोन शब्द तिने गाळले, आणि तरीही तिला उत्तम श्रेणी मिळाली. पुढे मात्र अशी सवलत चालणार नाही असे तिला सांगण्यात आले. शिक्षकांनी तिला दिलेला सल्ला असा होता : ज्यांना यात काही वावगे वाटत नाही अशा इतर ‘चांगल्या मॉर्मन’ मुलींशी बोलून पाहा. या एका वाक्यात विषयाचे सगळे दुखणे आहे. तिच्या श्रद्धेचे माप तिच्याच सहधर्मीयांच्या श्रद्धेने काढले गेले. ज्या मुली ते शब्द बोलत होत्या त्या तिच्या लेखी चुकत होत्या असे तिने म्हटलेले नव्हते, आणि तरी तिच्या नकारामुळे त्या आणि ती एकमेकींसमोर उभ्या केल्या गेल्या. १९९९ च्या आरंभी तिने शिक्षण सोडले व पुढे विद्यापीठावर दावा लावला. २००४ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा सुनावणीस पाठवला, आणि त्याच वर्षी तडजोड होऊन धार्मिक कारणास्तव सवलत मागण्याची रीतसर पद्धत विद्यापीठाने स्वीकारली.

चित्रपटाच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे. अध्यक्ष एझ्रा टॅफ्ट बेन्सन यांनी १९८६ मध्ये तरुणांना ‘आर’ श्रेणीचे, म्हणजे प्रौढांसाठीचे, चित्रपट पाहू नका असे बजावले, आणि हा उपदेश अनेक घरांत अलिखित कायदा बनला. परिणामी अशा चित्रपटात काम करणाऱ्या मॉर्मन नटाचे काम त्याचे आईवडील आणि शेजारी पाहतच नाहीत, पण त्याविषयी मत बाळगतात. तरुणांसाठीची मार्गदर्शक पुस्तिका २०२२ मध्ये नव्याने लिहिली गेली तेव्हा तपशीलवार नियमांऐवजी तत्त्वांवर भर दिला गेला; सवयी मात्र पुस्तिकेच्या गतीने बदलत नाहीत.

नाटककार नील लाब्यूट संप्रदायाच्या ब्रिगॅम यंग विद्यापीठात शिकत असताना संप्रदायात आले. १९९९ मध्ये रंगमंचावर आलेल्या त्यांच्या एकांकिकांत खून करणारी पात्रे मॉर्मन होती, आणि त्यानंतर त्यांच्या सदस्यत्वाच्या हक्कांवर औपचारिक निर्बंध आले. पुढे त्यांनी संप्रदाय सोडला. कलाकृतीवरून थेट शिस्तभंगाची कारवाई होणे विरळा. अधिक वेळा घडते ते रिचर्ड डचर यांच्यासारखे. लॉस एंजेलिसमधील तरुण धर्मप्रचारकांच्या शंका आणि निष्ठा दाखवणारा त्यांचा २००० सालचा चित्रपट यशस्वी झाला आणि मॉर्मन चित्रपटांची एक लाटच उठली. ज्यांनी ही वाट पाडली त्या डचर यांनी २००७ मध्ये युटातील एका वृत्तपत्रात लेख लिहून आपण संप्रदायाबाहेर पडत असल्याचे जाहीर केले, आणि जाता जाता मागे राहणाऱ्या चित्रपटकारांना अधिक प्रामाणिक काम करण्याची विनंती केली.

संगीतात निवाड्याचे रूप गेल्या दशकात पालटले आहे. संप्रदायाने २०११ मध्ये आपल्या प्रचारमोहिमेत रॉक गायक ब्रँडन फ्लॉवर्स यांची चित्रफीत प्रसिद्ध केली, म्हणजे रॉक संगीत हा आता वादाचा मुद्दा उरला नव्हता. वाद आता समलिंगी व्यक्तींच्या स्थानाभोवती होता. नोव्हेंबर २०१५ मधील धोरणाने समलिंगी विवाह केलेल्यांना धर्मत्यागी ठरवले आणि त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर बंधने घातली. एप्रिल २०१९ मध्ये ते मागे घेतले गेले. मधल्या काळात टायलर ग्लेन या समलिंगी गायकाने २०१६ मध्ये संतप्त गाणे काढले आणि त्याच्या चित्रफितीत जोसेफ स्मिथ यांच्या प्रतिमेची विटंबना दाखवली. त्याचे दुःख खरे होते. ती प्रतिमा पाहून ज्या श्रद्धावंतांना वेदना झाली त्यांचीही वेदना खरी होती, आणि तिला केवळ संकुचितपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मॉर्मन रॉक गायक डॅन रेनॉल्ड्स यांनी वेगळा मार्ग घेतला : २०१७ मध्ये युटातील ऑरेम येथे समलिंगी तरुणांच्या पाठिंब्यासाठी त्यांनी संगीतमहोत्सव भरवला, आणि संप्रदायाने त्याच्या हेतूचे जाहीर स्वागत केले.

गायक डेव्हिड आर्चुलेटा याची कहाणी या सर्व धाग्यांना एकत्र आणते. २००८ मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’ या दूरदर्शनवरील गायनस्पर्धेत तो दुसरा आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि युटातील मॉर्मन घरांत तो जणू घरचाच मुलगा झाला. व्यवसाय भरात असताना त्याने दोन वर्षे बाजूला ठेवली आणि २०१२ ते २०१४ या काळात चिलीमध्ये धर्मप्रचाराचे काम केले. व्यावसायिकदृष्ट्या हे नुकसानीचे होते. सहधर्मीयांच्या नजरेत त्याहून मोठी पुण्याई नव्हती. जून २०२१ मध्ये त्याने आपण समलिंगी, उभयलिंगी आदींच्या ‘एलजीबीटीक्यू’ समुदायातील असल्याचे सांगितले, आणि सहधर्मीयांनी आपल्यासारख्यांकडे अधिक करुणेने पाहावे अशी विनंती केली. पुढच्या वर्षी तो संप्रदायापासून दूर झाला. त्याच वर्षीच्या नाताळ दौऱ्यात युटातील एका कार्यक्रमात तो याविषयी बोलू लागला तेव्हा काही प्रेक्षक उठून गेले, असे त्याने नंतर सांगितले. त्याची आईही त्याच्यासाठी संप्रदायातून बाहेर पडली. तू नरकात जाणार असशील तर आम्हीही सारे तुझ्याबरोबर येऊ, अशा अर्थाचे तिने त्याला कळवले होते; २०२४ मध्ये त्याने त्याच शब्दांवर गाणे रचले.