हिमगौरीची सख्खी आई

हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी म्हणजे तिची सावत्र आई, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भावांनी डिसेंबर १८१२मध्ये ‘मुलांच्या आणि घरच्या गोष्टी’ या आपल्या पुस्तकात ही गोष्ट छापली, तेव्हा ती राणी हिमगौरीची सख्खी आई होती. १८१९च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून यायला लावणारी आईदेखील १८४०पर्यंत सावत्र होऊन गेली.

असं का झालं? मुळात हे पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं म्हणून जमवलेलंच नव्हतं, नावात ‘मुलं’ असली तरी. हे भाऊ राहत ते कासेल शहर तेव्हा नेपोलियनच्या भावाच्या राज्याची राजधानी होतं. परकी सत्ता डोक्यावर असताना आपल्या लोकांच्या तोंडच्या गोष्टी हरवण्याआधी टिपून ठेवायच्या, ही त्या दोघांची तळमळ. पहिल्या खंडात ८६ गोष्टी आणि त्यांना जोडलेल्या अभ्यासकी टिपा होत्या.

गोष्टी सांगणाऱ्यांत डोरोथेया फीमान ही शिंप्याची बायको मला सर्वांत जवळची वाटते. तिचं बालपण वडिलांच्या खानावळीत गेलेलं. ती एकदा गोष्ट सहज सांगे, मग लिहून घेता यावी म्हणून सावकाश पुन्हा सांगे आणि कुठे शब्द चुकला तर लगेच दुरुस्त करी. ग्रिम बंधूंनी तिला अस्सल हेसियन, म्हणजे कासेलच्या आसपासच्या हेसे प्रांतातली, शेतकरीण म्हणून पुढे आणलं. तिचे पूर्वज मात्र फ्रान्समधून आलेले ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट होते. ‘जर्मन’ गोष्टींत फ्रेंच धागे मिसळले ते असेच.

पुस्तक घराघरांत जाऊ लागलं तसा विल्हेल्मने त्यावरून हात फिरवला. मनोऱ्यात कोंडलेल्या रापुन्झेलला राजपुत्र चोरून भेटत असतो. १८१२ची रापुन्झेल तिला कोंडणाऱ्या बाईला भोळेपणाने विचारते, ‘माझे कपडे इतके घट्ट का होऊ लागलेत?’ आणि तिचं गुपित फुटतं. पुढच्या आवृत्त्यांत ती म्हणते, ‘राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढायला जड का जातं?’ गरोदरपण गेलं, गोष्टीतला जीवही थोडा गेला, असं मला वाटतं. १८२५मध्ये ५० निवडक गोष्टींची छोटी आवृत्ती निघाली, तिच्यात धाकट्या भावाची, लुडविगची चित्रं होती. शेवटची, सातवी आवृत्ती १८५७ची.

आईचं नातं बदललं, पोटातलं बाळ झाकलं गेलं. पण हिमगौरीच्या लग्नात राणीला तापून लाल झालेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं, ते १८५७मध्येही तसंच राहिलं.