फिरता स्टँड (लाकूडकाम)

थिकनेस प्लेनर (फळी ठरावीक जाडीला रंधून देणारे यंत्र), लहान बँडसॉ (पट्टीकरवत), बेंच ड्रिल, माइटर सॉ (कोनात कापणारी करवत) अशी टेबलावर ठेवून चालवायची लाकूडकामाची यंत्रे ज्यावर बोल्टने पक्की आवळतात आणि काम झाले की ज्याच्यासकट भिंतीकडे सरकवतात, तो चाकांचा ढाचा म्हणजे फिरता स्टँड. कारागीर त्याला नुसते ‘स्टँड’ किंवा ‘ट्रॉली’ म्हणतात. 12-13 इंची प्लेनरचे वजन 30 ते 45 किलोंच्या घरात असते. एवढे ओझे रोज एकट्याने उचलले तर कंबर धरते आणि यंत्र एकाच जागी ठेवले तर खोली अडते.

मुंबईत ही वस्तू चैनीची नाही. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची असते आणि सुतारकामाचे कितीतरी गाळे याहून फार मोठे नसतात. आठ फुटी फळी प्लेनरमधून काढायची म्हणजे यंत्राच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. एवढी सरळ रेघ खोलीत मिळत नाही, म्हणून यंत्र दारासमोर आणून फळी गॅलरीत किंवा गल्लीत बाहेर काढावी लागते. स्टँडला चाके हवीत ती मुख्यतः या दाराशी जुळवण्यासाठी. आवरून ठेवण्याची सोय त्यानंतर येते.

आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून रंधा मारत आला आहे. आजही साइटवर प्लायच्या तुकड्याखाली कटर मशीन उलटी बसवून कामचलाऊ टेबल सॉ केली जाते आणि ती जमिनीलगतच चालते. उभ्याने चालवायची यंत्रे आली तसा उंचीचा आणि तोलाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. स्टँडच्या बांधणीत बहुतेक चुका तोलाच्याच होतात, म्हणून तो भाग नीट पाहायला हवा.

तोल : यंत्र 40 किलो, स्टँड 20 किलो, पायांमधले अंतर 50 सेंमी आणि टेबलाची उंची 90 सेंमी धरू. टेबलाच्या पातळीवर आडवा रेटा दिला तर साधारण 16-17 किलोंच्या जोराला (60 × 25 ÷ 90) हा स्टँड कलायला लागतो. ओली फळी रेटणारा माणूस एवढा जोर नकळत लावतो. लांब फळीचा धोका याहून मोठा. आठ फूट लांब, 20 सेंमी रुंद आणि 5 सेंमी जाड सागवानी फळी सुमारे 15-16 किलोंची भरते. ती यंत्रातून जवळजवळ पूर्ण बाहेर आली की तिचा मध्य फळी ओढणाऱ्या रोलरपासून 1.2 मीटरवर, म्हणजे पुढच्या पायांपासून 95 सेंमी पुढे गेलेला असतो. फळीचा खाली ओढणारा जोर आणि स्टँडच्या वजनाचा धरून ठेवणारा जोर तिथे जवळपास सारखे होतात. त्या क्षणी फळी कोणी धरली नाही, तर यंत्र पुढे झुकते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. फळी जाते त्या दिशेने पाया रुंद घ्यावा. 50 ऐवजी 60 सेंमी केला तर वरच्या उदाहरणातला 16-17 किलोंचा रेटा 20 किलोंवर जातो. आणि तळाच्या फळीवर वजन ठेवावे. दोन फूट चौरस, 30 मिमी जाड कडाप्पा सुमारे 30 किलोंचा असतो. स्वयंपाकघराच्या ओट्याचा काढून टाकलेला तुकडा बहुतेक वेळा फुकटही मिळतो. मूळच्या 50 सेंमी पायावर तो ठेवला, तरी तोच रेटा 25 किलोंपर्यंत चढतो. पाया वाढवताना मात्र आधी दाराची चौकट मोजावी. चाळीतल्या आणि जुन्या इमारतींतल्या आतल्या चौकटी अरुंद असतात, आणि खोलीत जोडलेला स्टँड दारातून बाहेर निघत नाही असे बऱ्याचदा घडते.

चाके : यंत्र चालू असताना त्याचा भार शक्यतो चाकांवर नसावा. रस्त्याकडेची वडापावची गाडी पाहिली तर तत्त्व लगेच समजते. धंद्याच्या जागी पोचली की ती पायांवर किंवा विटांवर टेकवतात, चाके जाण्यायेण्यापुरती. स्टँडसाठी हेच स्वस्तात करता येते. दोन चाके एका बाजूच्या पायांना जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर वर बसवायची आणि समोरच्या बाजूला मूठ लावायची. मूठ उचलली की स्टँड हातगाडीसारखा चालतो आणि खाली ठेवला की चारही पाय जमिनीवर. यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नसते. घरगुती कामाला या लेखकाच्या मते हीच रचना सर्वांत भरवशाची. जड यंत्र असेल तर पायाने दाबून चाके खाली-वर करायचा लिव्हर लावतात.

चारही बाजूंना वळणारी कॅस्टर चाके लावायचीच असतील, तर ब्रेक नीट पाहून घ्यावा. साध्या ब्रेकने चाकाचे फिरणे थांबते, पण चाकाचा घोडा (चाक धरणारा काटा) गोल वळतच राहतो आणि प्लेनर सुरू झाला की सगळा स्टँड डुलतो. दोन्ही हालचाली एकदम धरणारा ब्रेक मागून घ्यावा. शिवाय वळणारे चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्या बरोबर खाली टेकत नाही, अडीच-तीन सेंमी बाजूला टेकते. दोन्हीकडची चाके आत वळलेली असली की पाया पाच-सहा सेंमीने आपोआप आखडतो. म्हणून ब्रेक लावण्याआधी चाके बाहेर वळवून घ्यायची सवय लावावी.

एका चाकाची क्षमता ठरवताना एकूण वजनाला चारने नव्हे, तीनने भागावे. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर किंवा मोरीकडे उतार दिलेल्या जमिनीवर कोणत्याही क्षणी तीनच चाके खरे ओझे वाहतात. चाकाचा व्यास 75 मिमीपेक्षा कमी नको. उंबरठा ओलांडायचा असेल तर 100 मिमी. नायलॉनचे चाक हलके ढकलले जाते, पण खालच्या मजल्यावर आवाज जातो. रबराचे चाक एका जागी भार धरून उभे राहिले की चपटे होते. दोन्हींच्या मधले पीयूचे (पॉलियुरेथेनचे) चाक घरासाठी बरे. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत ही सगळी हातात घेऊन, फिरवून पाहता येतात.

ढाचा : 40 मिमी चौकोनी, 2 मिमी जाडीच्या लोखंडी पाइपचे वजन मीटरला जेमतेम अडीच किलो भरते. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेटर तो कापून वेल्डिंग करून देतो. वेल्डिंग झाल्यावर सपाट लादीवर ठेवून चारही पाय टेकतात का हे दुकानातच पाहावे. घरी आणल्यावर तिढा निघत नाही. स्लॉटेड अँगलचा (भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा) रॅक तयार मिळतो म्हणून वापरला जातो. तो उभा भार सहज पेलतो, पण यंत्राच्या थरथरीने त्याचे बोल्ट सैल होतात आणि तिरप्या पट्ट्या टाकल्याखेरीज चौकट वाकडी होते. लाकडात करायचे तर 18-19 मिमीच्या प्लायची, मागे आणि एका बाजूला अखंड फळी असलेली पेटी करावी. ती फळीच चौकटीला ताठ ठेवते. प्लाय घेताना शिक्का पाहावा : आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय, तर आयएस 303 मध्ये बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) आणि एमआर (नुसत्या ओलाव्याला टिकणारा) अशा दोन प्रती येतात. मुंबईच्या हवेत एमआर टाळलेला बरा.

एकाच स्टँडवर दोन यंत्रे बसवण्याचाही एक प्रकार आहे. वरची फळी मधल्या दांड्याभोवती उलटते; एका अंगाला प्लेनर, दुसऱ्या अंगाला सँडर (पॉलिशपेपरने घासणारे यंत्र). जागा खरोखरच निम्मी लागते. मात्र दोन्ही अंगांचे वजन जवळपास सारखे हवे, उलटवण्यापूर्वी वायर काढलेली हवी आणि फळी दोन्ही टोकांना बोल्टने पक्की धरलेली हवी. गिअरबॉक्समध्ये तेल असलेले यंत्र उलटे लटकवू नये.

उंची : प्लेनरचे टेबल आणि खोलीतले कामाचे टेबल एका पातळीत ठेवले तर तेच टेबल फळीला आधार देते, आणि फळीचे टोक लोंबून शेवटच्या दोन-तीन इंचांत पडणारा खोल काप टळतो. बेंच ड्रिलचा स्टँड यापेक्षा बुटका लागतो, कारण ड्रिलचे टेबल मुळातच उंच असते.

पाऊस : तळमजल्यावरच्या गाळ्यात विजेचे बोर्ड, एक्स्टेंशन आणि स्विच स्टँडच्या खालच्या फळीवर कधीच ठेवू नयेत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला आणि अनेक गाळ्यांत कमरेएवढे पाणी शिरले. तसा पूर रोज येत नाही, पण घोटाभर पाणी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे शिरतेच. चाके असली तर यंत्र वेळेवर ओट्याशी किंवा उंच फरशीवर नेता येते. दमट हवेत बारीक भुसा कॅस्टरच्या बेअरिंगमध्ये घट्ट बसतो आणि चाक अडते. जूनच्या आधी चाके काढून, भुसा झटकून ग्रीस भरावे. लोखंडी पायांच्या वेल्डिंगवर गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचा हात द्यावा. आणि यंत्राच्या बिडाच्या टेबलावर मेण चोळून ठेवावे.