लातूरचे जड पाणी आणि 'मर्यादेत' या शब्दाचा पूर्वेतिहास

लातूरच्या पाण्याची चर्चा 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आलेल्या रेल्वेगाडीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. पहिल्या खेपेस दहा वाघिणी व सुमारे पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणी आणि पंचवीस लाख लिटर, हे आकडे शहरात अजूनही अनेकांना पाठ आहेत. परंतु त्या उन्हाळ्याने 'पाणी किती' हा प्रश्न इतका मोठा केला की 'पाणी कसले' हा प्रश्न मागे पडला. आणि नळाला पाणी जड, म्हणजे क्षारांचे, का येते, त्याहून जड पाणी बोअरला का लागते, याची उत्तरे मात्र त्या गाडीच्या कितीतरी आधीच्या काळात आहेत.

आड आणि हापशांच्या काळात या भागातील लोक पाण्याची प्रत दोनच शब्दांत सांगत असत: गोडे आणि सवळ. ज्या पाण्यात डाळ शिजते ते गोडे, ज्यात शिजत नाही ते सवळ. ही कसोटी ढोबळ होती, तरी चूक नव्हती, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार डाळ लवकर मऊ होऊ देत नाहीत. 1982 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाल्यावर शहर वेगाने वाढले आणि धनेगावच्या मांजरा धरणावर त्याची भिस्त वाढत गेली. धरणाचे पाणी मुख्यतः पावसाचे आणि उघड्यावर साठलेले असल्याने बोअरच्या पाण्यापेक्षा ते सौम्य. शहराची तक्रार प्रामुख्याने ते किती दिवसांआड येते याचीच राहिली.

ही दरी बोअरने भरून काढली. लातूरखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे घेतलेल्या संशोधनाच्या विंधन छिद्रात या खडकाची जाडी सुमारे 338 मीटर आढळली होती. आता हजार फुटांच्या बोअरची भाषा सर्रास ऐकू येते, म्हणजे आपण जवळपास खडकाच्या तळापर्यंत पोहोचलो आहोत. खोल भेगांतील पाणी जितका अधिक काळ खडकाच्या सान्निध्यात राहते, तितके क्षार त्यात अधिक उतरतात. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटर व त्याहून खोल विहिरींवर शेती व उद्योगासाठी बंदी घातली. कायदा 2014 मध्ये अमलात आला, नियमांचा मसुदा 2018 मध्ये निघाला, आणि या अवधीत यंत्रे खोल जातच राहिली.

खरा गुंता मात्र खडकात नसून कागदात आहे. पाठ्यपुस्तकात 'कठीण', विश्वकोशी मराठीत 'दुष्फेन', प्रयोगशाळेच्या अहवालात 'एकूण काठिण्य' आणि बोलण्यात 'जड' अशा चार नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या गुणधर्माला पिण्याच्या पाण्याच्या राष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एक नव्हे तर दोन मर्यादा आहेत. 1991 च्या आवृत्तीत इष्ट मर्यादा लिटरला 300 मिलिग्रॅम होती. 2012 मध्ये ती 'स्वीकारार्ह मर्यादा' या नावाने 200 वर आणली गेली. दुसरा आकडा, 600, जसा होता तसाच राहिला. त्याच्या रकान्याच्या शीर्षकात 'पर्यायी स्रोत नसल्यास' हे शब्द आहेत, आणि स्वीकारार्ह मर्यादा ओलांडणारे पाणी योग्य नव्हेच, केवळ दुसरा स्रोत नसल्यास ते सहन करता येईल, असा खुलासा मानकातच केलेला आहे. अहवालाच्या खाली शेरा लिहिताना हे शब्द हमखास गळतात. 450 काठिण्याचे पाणी मग 'मर्यादेत' ठरते, वाचणाऱ्याला ते चांगले वाटते, आणि पर्यायी स्रोत खरोखरच नाही हे कोणी, कधी आणि कशाच्या आधारे ठरवले, हा प्रश्न विचारलाच जात नाही. ज्या शहरासाठी उजनी धरणाच्या पाण्याची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे, तेथे 'पर्याय नाही' हे भूगोलाचे वाक्य आहे की निधीचे, हे स्पष्ट व्हायला हवे होते. सवलतीचा आकडा अपवादासाठी होता. तो रोजच्या वापराचा झाला.

येथे आरोग्याची भीती वाढवण्याचे कारण नाही. जागतिक पातळीवर काठिण्यासाठी आरोग्याधारित मर्यादा ठरवलेली नाही, आणि जड पाण्याने मुतखडा होतो हा घरोघरीचा समज पुराव्याने पक्का झालेला नाही. नुकसान होते ते गिझरच्या कॉइलचे, साबणाचे, नळांच्या तोट्यांचे आणि इंधनाचे. नायट्रेटची गोष्ट वेगळी आहे: त्याला 45 मिलिग्रॅमच्या वर मानकात कोणतीही सवलत नाही, आणि ते चवीला किंवा भांड्यावरच्या पांढऱ्या डागांत दिसत नाही.

गेल्या दशकात या सगळ्याची जागा 'टीडीएस' या एका शब्दाने घेतली. हातात मावणारे स्वस्त मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देते. त्यातले कॅल्शियम किती, सोडियम किती, नायट्रेट किती आणि जंतू आहेत की नाहीत, हे ते सांगू शकत नाही. तरीही शिकवणी वर्गांसाठी आलेल्या हजारो विद्यार्थ्यांच्या खोल्यांपासून सोसायट्यांपर्यंत वीस लिटरच्या जारची निवड याच आकड्यावर होते. आरओचे, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचे, जवळपास सगळे अर्थकारण याच आकड्यावर उभे आहे. टीडीएस 500 पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालावी, असा न्यायिक आदेश 2019 मध्ये आला, 2020 मध्ये मसुदा निघाला आणि 2023 मध्ये जलशुद्धीकरण यंत्रणांचे नियम अधिसूचित झाले. या सगळ्या वादाच्या केंद्रस्थानी टीडीएसच राहिला आणि काठिण्य पुन्हा बाजूलाच पडले.

पालिकेच्या शुद्धीकरण केंद्राकडून याबाबत अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तुरटीने गाळ बसतो, वाळूच्या थरातून गाळणी होते, क्लोरीनने जंतू मरतात. काठिण्य यापैकी कशानेच कमी होत नाही. मांजराची एकूण क्षमता सुमारे 224 दशलक्ष घनमीटर आहे आणि त्यातील जवळपास 47 दशलक्ष मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरता तळाशी राहणारे पाणी. टंचाईच्या वर्षी धरण त्या पातळीला आले की तळाचे गढूळ पाणी उपसावे लागते, नळाच्या पाळ्या लांबतात आणि प्रत्येक घर पुन्हा बोअरकडे किंवा टँकरकडे वळते. 2016 च्या पावसाळ्यात गाडी थांबली आणि अखेरीस धरण भरले. त्या उन्हाळ्यापर्यंत घेतलेल्या बोअर मात्र बुजवल्या गेल्या नाहीत, आणि आज अनेक घरांत नळाचे आणि बोअरचे पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडते. त्यामुळे शहराच्या पाण्याचे काठिण्य म्हणून जो एक आकडा सांगितला जातो, तो पुष्कळदा कोणत्याही तोटीतून येणाऱ्या पाण्याचा नसतो.